आकाशातील हुकूम

बडोद्याच्या ईशान्येस असलेल्या हरणीस जुन्या पिढीतील मराठी मंडळी भीडभंजन मारुतीच्या दर्शनास जात. आज त्याच रस्त्याने जाणारा मनुष्य बहुधा विमान गाठावयास निघालेला असतो. जवळच दरजीपुऱ्यास हवाई दलाचे ठाणे आहे, आणि तेथील 11 क्रमांकाचे पथक मालवाहू विमानांचे आहे, लढाऊ नव्हे. असे असूनही, लढाऊ विमानास जमिनीवरून हुकूम पोहोचविण्याच्या विद्येचा इतिहास सांगताना बडोद्याचे नाव घ्यावे लागते, याचे कारण 1941 सालातील एका नामकरणात आहे.

1939 च्या फेब्रुवारीत सयाजीराव महाराज निवर्तले, त्यांचे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले आणि काही महिन्यांतच युरोपात युद्ध पेटले. संस्थानिकांच्या खजिन्यातून, तशाच शहरांतूनही, ब्रिटनच्या युद्धफंडास रकमा गेल्या, त्यांची पोच म्हणून विमानपथकांस दात्यांची नावे मिळाली. हैदराबादेचे 152, म्हैसूरचे 129, मुंबई शहराचे 132. आणि 10 मे 1941 रोजी स्कॉटलंडातील कॅसलटाउन येथे स्पिटफायर विमानांनिशी उभे राहिलेले 124, ते 'बडोदा'. त्या पथकातील कितीजणांना बडोदे नकाशावर दाखविता आले असते, याची मला शंकाच आहे.

हे पथक ज्या व्यवस्थेत दाखल झाले, ती एअर चीफ मार्शल डाउडिंग यांनी युद्धापूर्वीच रचलेली होती. रडारने टिपलेली व पहारेकऱ्यांनी कळविलेली शत्रूची खबर टेलिफोनवरून नियंत्रण-कक्षात येई, तेथे तरुण मुली लांब दांड्यांनी मोठ्या नकाशावरील सोंगट्या सरकवीत, आणि वरच्या सज्ज्यात बसलेला नियंत्रक रेडिओवरून वैमानिकास दिशा व उंची सांगे. परंतु आपले विमान नेमके कोठे आहे हे कळल्यावाचून त्याला दिशा तरी काय सांगणार? त्यासाठी ब्रिटनवरील 1940 च्या हवाई लढाईत 'पिप-स्क्वीक' नावाचे यंत्र वापरात होते. घड्याळाच्या तालावर विमानातील प्रेषक दर मिनिटास 14 सेकंद आपोआप सूर सोडी, जमिनीवरील तीन ठाणी त्याची दिशा घेत, आणि तीन रेषांच्या छेदात विमान सापडे. एका मिनिटाचे चार भाग करून चार विमानांस ते वाटून दिलेले असत. वैमानिक यंत्र सुरू करावयास विसरे, तेव्हा 'तुझा कोंबडा आरवतो आहे ना?' असा प्रश्न कानी पडे. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या ठरवाव्या तशी ही पाळी होती, आणि या साध्या युक्तीचे महत्त्व पुढील अर्धशतकात कळून यावयाचे होते.

जेट युगात वेग इतका वाढला की तोंडी हुकूम ऐकून, समजून, अंमलात आणीपर्यंत अवसर निघून जाऊ लागला. 1958 पासून कार्यान्वित झालेल्या अमेरिकेच्या 'सेज' व्यवस्थेत सुमारे 250 टन वजनाचा गणकयंत्र-संच होता, आणि त्याने काढलेला मार्ग अंकरूपाने थेट एफ-106 विमानाच्या स्वयंचालकास मिळे; वैमानिकाने हात बाजूला ठेवले तरी विमान शत्रूकडे वळे. सोव्हिएत संघाची 'लाझूर' व स्वीडनची 'स्ट्रिल 60' ही याच पंथाची. हुकूम मात्र अद्याप वरून खाली, एका दिशेनेच जात होता.

'लिंक-16' या संदेश-जाळ्याने ही सरंजामी चाकोरी मोडली. त्यात एका सेकंदाचे 128 भाग केले जातात, प्रत्येक विमानास, जहाजास वा ठाण्यास त्यातील नेमून दिलेले भाग मिळतात, आणि आपल्या वेळी ते आपले स्थान, इंधन व दिसलेली लक्ष्ये सर्वांस कळवितो. कोणतेही एक केंद्र कोसळले तरी जाळे चालू राहते. पिप-स्क्वीकच्या चार पाळ्यांचाच हा विस्तार आहे, हे माझे मत.

हिंदुस्थानात हवाई दलाचे स्वतःचे 'एएफनेट' जाळे 14 सप्टेंबर 2010 रोजी सुरू झाले, आणि त्यावर उभारलेली नियंत्रण-व्यवस्था निरनिराळ्या रडारांची, नागरी रडारांसह, एकाच चित्रात जुळणी करते. बडोद्याचे ठाणे ज्या नैर्ऋत्य विभागाच्या हुकमतीत येते, त्याचे मुख्यालय 1980 साली जोधपुरास स्थापन होऊन 1998 मध्ये गांधीनगरास आले. गांधीनगर जिल्ह्यातील वडसर येथे या व्यवस्थेचे एक केंद्र आहे. गणकयंत्र कितीही चपळ असले, तरी लिंक-16 सारख्या जाळ्यात कोणास किती पाळ्या द्यावयाच्या, याचा आराखडा उड्डाणापूर्वी कोणीतरी बसून आखावाच लागतो.