जातं, कॅसेट आणि सँपलर

(लोणावळ्यात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



माझं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. त्यामुळे आज मी संगीताच्या यंत्रावर बोलणार म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींच्या भुवया वर गेल्या असतील. दोष माझ्या नातवाचा. तो तळेगावात राहतो, कॉलेजात जातो आणि घरच्या घरी संगीत तयार करतो. गेले चार महिने आमच्याकडे एकाच पाहुण्याची वाट पाहणं चाललंय. एक नवं सँपलर बाजारात येऊ घातलंय. ते अजून कुणी पाहिलेलं नाही. पण त्याला पॅड किती असतील, बॅटरी किती तास टिकेल, आवाज कापायला किती बटणं दाबावी लागतील, याची चर्चा रोज जेवताना होते. मी विचारलं, अरे, आहे त्या यंत्रात काय वाईट आहे? तर म्हणतो, "आजोबा, प्रश्न वर्कफ्लोचा आहे."

वर्कफ्लो म्हणजे कामाची रीत. आधी काय, मग काय, हात कुठून कुठे जातो आणि डोकं कधी चालतं. मला हा शब्द पटला. यंत्रांचा इतिहास आपण शोधांच्या सनावळीत सांगतो, पण खरं पाहता तो अशा रीतींचा इतिहास असतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सँपलर कुठलाही आवाज टिपून घेतं. ढोलकीची थाप असो, कुणाचा आलाप असो, दार लागल्याचा आवाज असो. मग त्याचे तुकडे करून एकेक तुकडा एकेका पॅडवर बसवायचा. बोट मारलं की तो वाजतो. तो चढा करा, उतरा करा, उलटा फिरवा. स्टँडअलोन म्हणजे कॉम्प्युटर न जोडता हे सगळं एकट्यानं करणारं यंत्र.

1979 साली ऑस्ट्रेलियात फेअरलाइट नावाचं यंत्र निघालं. त्याच्या पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीनं ध्वनीची लाट काढता येई. किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रॉजर लिन यांनी खऱ्या ड्रमचे टिपलेले आवाज वाजवणारं तालयंत्र आणलं. 1987 मध्ये एसपी-1200 आलं, आणि 1988 मध्ये लिन यांनीच अकाई या जपानी कंपनीसाठी एमपीसी-60 घडवलं. चार ओळी, चार रकाने, असे 16 पॅड. आजही नवं यंत्र आलं की बहुतेक वेळा तोच चौकोन समोर येतो.

आता गंमत पाहा. एसपी-1200 मध्ये जेमतेम 10 सेकंदांचा आवाज मावायचा. मग न्यूयॉर्कच्या पोरांनी युक्ती काढली. 33 च्या वेगाची तबकडी 45 वर फिरवायची, आवाज घाईघाईनं आत घ्यायचा आणि आत गेल्यावर तो पुन्हा संथ करायचा. त्यात आवाज जरा खरखरीत होई. ती खरखरच पुढे त्या संगीताची ओळख झाली. म्हणजे उणिवेतून रीत निघाली आणि रीतीतून शैली. पुढे स्मरणशक्ती वाढली, काही वर्षं ही यंत्रं कॉम्प्युटरची हस्तक झाली, आणि 2017 मध्ये एमपीसी लाइव्ह पुन्हा एकट्यानं उभं राहिलं. ज्याची आमच्याकडे वाट पाहिली जातेय, ते याच घराण्यातलं पुढचं अपत्य.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं. आपल्या मावळाचा काय संबंध? चैत्रात कार्ल्याच्या पायथ्याशी उभे राहा. एकवीरा आईच्या पालख्यांबरोबर कोळीवाड्यांतून माणसं येतात, आणि त्यांच्या गाण्यांत ढोलकीच्या शेजारी ऑक्टोपॅड ऐकू येतो. रोलंड कंपनीचा तो मूळ ऑक्टोपॅड 1985 सालचा. त्याला आठ पॅड होते आणि स्वतःचा आवाज मुळीच नव्हता. तो नुसता दुसऱ्या यंत्राला हुकूम द्यायचा. आपल्या ऑर्केस्ट्रांनी आणि बँजो पार्ट्यांनी त्याला असं आपलंसं केलं, की पुढे नऊ पॅडचं यंत्र आलं तरी आपण त्याला ऑक्टोपॅडच म्हणतो. त्या नव्या पॅडांत आता संबळाची थापही टिपून ठेवता येते. तेव्हा सँपलर आपल्या दारात कधीच येऊन बसलंय.

पण माझं म्हणणं याच्याही आधीच्या एका यंत्राबद्दल आहे. जात्याबद्दल.

माझी आई पवन मावळातली. पहाटे जातं सुरू व्हायचं. दोन बाया समोरासमोर, खुंट्यावर दोघींचे हात, मधूनच एकीनं मूठभर दाणे आत सोडायचे. एकीनं ओवी उचलायची, दुसरीनं झेलायची. ओवी लिहिलेली नसे, पण दर वेळी सगळीच नवीही नसे. अर्धी ओळ तयार असायची, आईकडून किंवा सासूकडून आलेली. उरलेली अर्धी त्या पहाटेची. भावाची वाट, माहेरचा रस्ता, विठ्ठल, मनातलं दुखणं. तयार तुकडा घ्यायचा, त्याला आपला तुकडा जोडायचा, आणि हे सारं दगडाच्या फेऱ्यात बसवायचं. माझ्या नातवाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे वर्कफ्लोच की!" बरोबर आहे. फक्त तिथे थांबायचं बटण नव्हतं.

मग गावात गिरणी आली. पाठीवरचं ओझं उतरलं, आणि त्याचं मला दुःख नाही. जात्याची हळहळ सहसा ज्यांनी ते ओढलं नाही तेच करतात. पण हात थांबले तशी ओवीही थांबली.

1986 साली मी टेपरेकॉर्डर घेतला आणि आईला म्हटलं, ओव्या म्हण. तिला सुचेनाच. रिकाम्या हातांनी ती नुसती बसली. शेवटी पडवीतलं जातं मांडलं, तांदूळ आणले. दळण सुरू झालं आणि ओवी आपोआप आली. पण टेपमध्ये दगडाची घरघर इतकी भरली, की मी तिला म्हटलं, आई, जातं जरा थांबव, आवाज स्वच्छ येत नाही. तिनं थांबवलं. खुंट्यावर हात तसाच ठेवून ती म्हणत राहिली. चार-पाच ओव्या झाल्या आणि अडखळली. 'राहू दे,' म्हणाली. मला वाटलं, चला, स्वच्छ रेकॉर्डिंग मिळालं.

तत्त्वज्ञानाच्या माणसानं केलेली ही चूक आहे, म्हणून सांगतो. मीमांसक म्हणतात, शब्द नित्य आहे. उच्चारानं तो फक्त प्रकट होतो. नैयायिक म्हणतात, छे, शब्द उत्पन्न होतो आणि नाश पावतो. त्याला कारणं लागतात. वर्गात मी दोन्ही बाजू वर्षानुवर्षं मांडल्या. टेपरेकॉर्डर हातात आल्यावर मात्र मी नकळत मीमांसक झालो. आवाज म्हणजे बाईपासून आणि दगडापासून सुटा करून ठेवण्याची वस्तू, असं धरून चाललो. आईचं अडखळणं हे नैयायिकांचं उत्तर होतं. कारण काढून घेतलं, कार्य थांबलं.

याच सुमारास हे काम शहाणपणानं करणारी माणसं होती. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतल्या बायांबरोबर राहून ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. पुढे त्यात महाराष्ट्रभरची गावं आली आणि संग्रह एक लाखाच्या वर गेला. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संशोधक त्यांना मिळाले. या गृहस्थांनी आधी जिम किपन यांच्याबरोबर तबल्याच्या कायद्याचं व्याकरण कॉम्प्युटरला शिकवणारा 'बोल प्रोसेसर' तयार केला होता. आपल्या विषयाचे ते सख्खे नातेवाईकच म्हणायचे. ओव्यांचं 120 तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं. 2017 पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या ओव्या लोकांसमोर आणतंय. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव असतं, गाव असतं. मला ही गोष्ट लाखाच्या आकड्याहून मोठी वाटते.

आता शेवटाकडे येतो. मागच्या महिन्यात नातवानं माझी ती कॅसेट शोधून काढली. नवं यंत्र आलं की पहिला आवाज पणजीचा घालायचा, असं त्याच्या मनात आहे. कानाला हेडफोन लावून त्यानं पूर्ण ऐकली आणि विचारलं, "आजोबा, जातं कुठाय?" मी सांगितलं, मीच थांबवलं. तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "फाइलला नाव काय देऊ?" मी कॅसेटचं झाकण पाहिलं. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'ओव्या, 1986'. आईचं नाव नव्हतं. मला तर माहीतच होतं ना, मग लिहायचं कशाला!

आपल्याकडे म्हण आहे, जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात. नव्या यंत्राची वाट पाहणारे आपण सारे सुपातले. हसायला हरकत नाही. यंत्र येईल, त्याची रीत हाताला बसेल, काही वर्षांनी तेही जुनं होईल. पण सँपलर काय किंवा जातं काय, आत सोडाल तेच पीठ होऊन बाहेर येणार. तेव्हा तोवर एवढं करा. तुमच्या घरात कुणी ओवी, भारूड, पाळणा म्हणणारं असेल, तर त्यांना विचारून टिपून घ्या, काम करता करता टिपून घ्या, आणि आधी नाव लिहा.

कॅसेटवर मी आता आईचं नाव लिहिलंय. पडवीतलं जातं धुऊन ठेवलंय. त्याचा आवाज नातू येत्या रविवारी टिपणार आहे. खुंटा मी धरणार आहे. सत्तरी ओलांडल्यावर, आयुष्यात पहिल्यांदाच.