'विजार' शब्दाचे मूळ व बीडकडील उच्चार

'विजार' हा शब्द ऐकणाऱ्यास सहज संस्कृत वाटावा, इतका तो 'विचार', 'विकार' यांच्या पंक्तीत निमूटपणे बसलेला आहे. वस्तुतः तो अरबी 'इजार' होय. अरबीत त्याचा अर्थ कमरेस गुंडाळावयाचे वस्त्र असा आहे. हजयात्रेत पुरुष जी दोन बिनशिवलेली वस्त्रे धारण करतात, त्यांपैकी खांद्यावरील 'रिदा' व कमरेचे 'इजार'. पुढे फारशी-उर्दूच्या वापरात हेच नाव दोन पायांच्या शिवलेल्या सैल वस्त्रास लागले. उर्दूतील 'इजारबंद' हा त्याचा पुरावा आहे. नेफ्यात ओवावयाचा बंद शिवलेल्या वस्त्रासच लागतो. मराठीने हा उत्तरकालीन अर्थ स्वीकारला. बंदास मात्र तिने आपली 'नाडी'च पुरेशी मानली.

प्रश्न उरतो तो आद्य 'व'चा. 'इष्टका'पासून 'वीट' झाली, तसेच येथे घडले, असे म्हणता येईल. परंतु तो बदल प्राचीन आहे. शिवाय 'इनाम', 'इमान', 'इशारा' यांना 'व' कधी चिकटला नाही. बीड जिल्ह्यातील ग्रामीण बोली येथे अधिक उपयोगी पडते. तीत 'विचार' हा 'इचार', 'विळा' हा 'इळा', 'विस्तव' हा 'इस्तू' होतो. अशा बोलीच्या शेजारी वावरणाऱ्या शिष्टास 'इजार' हेही गावंढळ रूप वाटले असावे आणि त्याने ते 'शुद्ध' करून 'विजार' केले असावे. 'इनाम' दफ्तरात लिहिले जाई, म्हणून ते या शुद्धीकरणातून वाचले. 'इजार' हा शिंप्याच्या दुकानातला शब्द. शिवाय महसुलाच्या मक्त्यास 'इजारा' म्हणत. अरबीत दोहोंची मुळे भिन्न आहेत, पण देवनागरीत ती एका कान्याच्या अंतरावर येतात. 'व'मुळे ही जवळीकही टळली. उच्चाराने मात्र मूळ सोडलेले नाही : 'विजार'मधील 'ज' हा 'बाजार', 'हजार' यांतल्यासारखा दंत्य, म्हणजे मूळच्या 'झ'सदृश ध्वनीचा वारस आहे.

बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १८८४ पासून तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. धोतर हिंदूंचे व विजार मुसलमानांची, अशी ढोबळ वाटणी लोकांच्या मनात रुजली, ती अशा काळात अधिकच घट्ट झाली असल्यास नवल नाही. शब्दाच्या इतिहासात तिला आधार सापडत नाही. मूळ 'इजार' हे धोतराप्रमाणेच न शिवलेले, गुंडाळून नेसावयाचे वस्त्र होते.

पुढे सैल वस्त्राच्या अर्थी 'पायजमा' व 'लेंगा' हे शब्द अधिक चालले, आणि 'विजार' शाळकरी मुलांच्या 'अर्ध्या विजारी'त जाऊन बसली. तेथे वस्त्राची लांबी गेलीच, सैलपणाची अटही उरली नाही.