होम थिएटर संगणकाची स्वयंचलित निद्रावस्था

होम थिएटर संगणक म्हणजे दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संचाला कायमचा जोडलेला आणि मुख्यतः चित्रपट, संगीत व मुद्रित कार्यक्रम यांसाठी वापरला जाणारा वैयक्तिक संगणक होय. ठरावीक वेळ कोणी वापर केला नाही, तर असा संगणक आपोआप निद्रावस्थेत जावा अशी अपेक्षा असते. तो तसा न जाणे ही या प्रकारच्या संगणकांबाबतची जुनी तक्रार आहे. बहुतेक वेळा त्यामागे यंत्रातील बिघाड नसतो. एखाद्या आज्ञावलीने किंवा ड्रायव्हरने जागे राहण्याची रीतसर विनंती केलेली असते आणि संचालन प्रणाली ती पाळत असते. ही विनंती कोणाची आहे हे शोधणे, हाच दुरुस्तीचा मुख्य भाग ठरतो.

निद्रावस्थेचे स्वरूप

संगणकाच्या वीजवापराचे नियंत्रण संचालन प्रणालीकडे सोपवणारे ‘एसीपीआय’ हे मानक इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात संगणकाच्या एस-० (पूर्ण जागृत) ते एस-५ (बंद) अशा अवस्था सांगितल्या आहेत. नेहमीच्या बोलण्यातील निद्रावस्था म्हणजे एस-३. तीत प्रक्रियक, पंखे व डिस्क यांचा वीजपुरवठा थांबतो. केवळ स्मृती (रॅम) जिवंत ठेवली जाते, त्यामुळे काही सेकंदांत काम होते तेथून पुढे सुरू करता येते. एस-४ या शीतनिद्रेत स्मृतीतील मजकूर डिस्कवर उतरवला जातो. अलीकडच्या अनेक उपकरणांत एस-३ ऐवजी एस-० चीच एक अल्पवीज अवस्था वापरतात.

रिकामा बसलेला संगणक ५० वॅट वीज घेतो असे धरले आणि तो दिवसाचे २० तास विनाकारण जागा राहिला, तर रोज १ युनिट, म्हणजे महिन्याला ३० युनिट वीज वाया जाते. निद्रावस्थेतील वापर साधारणतः काही वॅटच असतो.

जागे राहण्याची कारणे

चित्रपट पाहताना प्रेक्षक तास-दोन तास कळफलकाला हात लावत नाही. केवळ शेवटच्या कळीपासूनचा वेळ मोजला, तर संगणक ऐन रंगात आलेल्या प्रसंगी झोपी जाईल. हे टाळण्यासाठी विंडोज प्रणालीत आज्ञावलींना ‘मी काम करीत आहे, झोपू नये’ असे कळवण्याची सोय दिलेली आहे. आज्ञावली बंद झाली की तिची विनंतीही संपते. मात्र चित्रपट मध्येच थांबवून प्रेक्षक उठून गेला आणि आज्ञावलीने विनंती मागे घेतली नाही, तर संगणक रात्रभर जागा राहतो.

ध्वनीचा प्रवाह हे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणता येईल. ऐकू काहीही येत नसले तरी एखाद्या आज्ञावलीने ध्वनीमार्ग उघडा ठेवलेला असतो आणि साउंड कार्डाचा ड्रायव्हर तो वापरात असल्याचे कळवतो. ब्राउझरमधील विसरलेले पान किंवा मायक्रोफोनचा आवाज थेट स्पीकरवर ऐकवणारी निवड अशी कारणे यामागे असू शकतात. दुसरे कारण जाळ्याचे: शयनगृहातील संच याच संगणकावरील चित्रपट मागवत असेल, तर प्रणाली दूरच्या ग्राहकासाठी जागी राहते. विंडोजच्या वीजविषयक प्रगत मांडणीत माध्यमे सामायिक करताना झोप टाळण्याचा स्वतंत्र पर्याय आहे. तो सुरू असेल तर कोणी काही पाहत नसतानाही संगणक जागा राहू शकतो.

विंडोज एक्सपी मीडिया सेंटरच्या काळात ‘अवे मोड’ नावाची आणखी एक अवस्था आली. तीत पडदा व आवाज बंद होतात, संगणक झोपल्यासारखा दिसतो, पण कार्यक्रमाचे मुद्रण चालूच राहते. पंख्याचा आवाज येत राहिल्याने अनेकांना हा बिघाडच वाटतो.

निदान

सर्व मांडण्या एकामागून एक बदलून पाहणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत निष्फळ पद्धत आहे. विंडोज ७ पासून ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘रिक्वेस्ट्स’ या पर्यायासह, प्रशासकाच्या अधिकाराने चालवता येते. तिच्या उत्तरात पडदा, प्रणाली, अवे मोड अशा शीर्षकांखाली विनंती करणाऱ्यांची नावे येतात. ही आज्ञा चित्रपट चालू असताना दिल्यास उत्तर उघडच असते. संगणक झोपायला हवा होता पण झोपला नाही, अशा वेळीच ती द्यावी. चाचणीपुरती निद्रेची मुदत १ मिनिट केल्यास तासन्‌तास वाट पाहावी लागत नाही.

यादी पूर्ण रिकामी असेल तर संशय उपकरणांकडे वळवावा. चकचकीत टेबलावरील ऑप्टिकल माउसला न झालेली हालचाल जाणवू शकते. खेळासाठी जोडलेल्या नियंत्रकामुळेही असा घोळ होतो. अशी उपकरणे एकेक काढून पाहणे हाच येथे खात्रीचा मार्ग.

‘रिक्वेस्ट्स ओव्हरराइड’ या पर्यायाने विशिष्ट आज्ञावलीची किंवा ड्रायव्हरची विनंती दुर्लक्षित करता येते. हा उपाय जितका सोपा तितकाच धोक्याचा आहे. जाळ्याची विनंती दडपली, तर दुसऱ्या खोलीतील चित्रपट मध्येच तुटतो. मुद्रण करणाऱ्या आज्ञावलीची दडपली, तर आठवडाभर वाट पाहिलेला कार्यक्रम अर्धवट मुद्रित होतो, आणि ते लक्षात येते तेव्हा प्रक्षेपण होऊन गेलेले असते. शिवाय असा अपवाद केल्याचा पुढे सहज विसर पडतो. हीच आज्ञा पुढे काही न जोडता दिली, तर केलेल्या अपवादांची यादी दिसते.

झोपून पुन्हा जागे होणे

काही संगणक झोपतात, परंतु कोणाच्या नकळत उठतात. ‘लास्टवेक’ हा पर्याय शेवटी कोणी उठवले ते सांगतो, तर ‘वेकटाइमर्स’ पुढे ठरलेल्या वेळा दाखवतो. नेटवर्क कार्डाला केवळ ‘मॅजिक पॅकेट’ नावाच्या विशिष्ट संदेशावरच जागे करण्याची मुभा ठेवली, तर जाळ्यावरील किरकोळ हालचालीने होणारी जाग थांबते. वापरकर्त्याशिवाय, वेळापत्रकानुसार उठलेल्या संगणकासाठी विंडोजमध्ये पुन्हा झोपण्याची निराळी, मुळात २ मिनिटांची मुदत असते. दिवाणखान्यात कोणी नसताना संगणक क्षणभर उठून परत झोपतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

इतर प्रणाली

लिनक्सच्या सिस्टिमडी वापरणाऱ्या वितरणांत ‘सिस्टिमडी-इनहिबिट’ आज्ञेने, तर मॅकओएसमध्ये ‘पीएमसेट’ आज्ञेच्या ‘असर्शन्स’ या पर्यायाने अशीच यादी मिळते. कोडी (२०१४ पूर्वीचे नाव एक्सबीएमसी) या माध्यम-आज्ञावलीत निद्रेची स्वतःची मुदत ठरवता येते. ती आणि संचालन प्रणालीची मुदत वेगवेगळी ठेवल्यास संगणक कोणाच्या आदेशाने झोपला हे कळणे कठीण होते, म्हणून दोहोंपैकी एकच चालू ठेवणे सोयीचे.