लाजेचे भांडवल

आमच्या जालन्यात भंगार वितळवून सळया करतात. पण १९२५ साली व्हिक्टर लुस्टिग नावाच्या गृहस्थाने पॅरिसच्या एका भंगारवाल्याला चक्क आयफेल टॉवरच भंगारात विकला! अट एकच : सरकारी गुपित आहे, वाच्यता नको. फसल्यावर भंगारवाला लाजेने गप्प बसला, आणि हा पठ्ठ्या तोच मनोरा पुन्हा विकायला निघाला.

२०१६ साली यूपीआय आले. आता टॉवरऐवजी शिष्यवृत्ती विकतात. ‘पैसे जमा व्हायला पिन टाका,’ म्हणे! अरे पोरांनो, पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नव्हे. तरी फसलातच, तर लाजू नका. तडक १९३० नंबर फिरवा. ठकाचे खरे भांडवल म्हणजे आपली लाज. ती संपली, की दुकानाचे दिवाळे!