हौशी शर्यतीची छोटी मोटार : आधी ब्रेक, मग वेग

अमेरिकेत मोटारींच्या शर्यती हा केवळ व्यावसायिक चालकांचा प्रांत नाही. आठवडाभर नोकरी-व्यवसाय सांभाळायचा आणि शनिवार-रविवारी शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची मोटार पळवायची, असा छंद जोपासणारे हजारो हौशी चालक तेथे आहेत. त्यांच्यात वर्षानुवर्षे लोकप्रिय ठरलेली मोटार महागडी नाही. माझदा कंपनीची 'एमएक्स-५ मियाटा' ही छोटी, दोन आसनांची, खुल्या टपाची स्पोर्ट्स कार हा मान टिकवून आहे. माझदा हे नाव मराठी वाचकांना अपरिचित नाही. 'स्वराज माझदा'चे छोटे ट्रक आणि मिनीबस आपल्या रस्त्यांवर अनेक वर्षे धावल्या. २०११ मध्ये त्या कंपनीचे नाव 'एसएमएल इसुझू' झाले. मियाटा मात्र भारतात अधिकृतपणे विक्रीला आली नाही.

रस्त्यावरची मोटार ट्रॅकवर न्यायची म्हटली की नवख्या माणसाचे लक्ष सर्वप्रथम इंजिनाकडे जाते. अनुभवी चालकांचा क्रम नेमका उलटा असतो. आधी चालकाचा जीव, मग ब्रेक, त्यानंतर इंजिनाचे तापमान, पुढे टायर व सस्पेन्शन आणि सर्वांत शेवटी इंजिनाची ताकद. हा क्रम चुकला तर पैसा वाया जातो आणि प्रसंगी त्याहून मोठी किंमत मोजावी लागते.

हलकेपणाचे गणित

साठच्या दशकातील ब्रिटिश खुल्या मोटारींसारखी साधी, हलकी गाडी पुन्हा बनवावी, ही कल्पना बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या वरिष्ठांपुढे मांडली होती. पुढे तो स्वतःच कंपनीत दाखल झाला. तोशिहिको हिराई या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखाली मोटार आकाराला आली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात जगापुढे ठेवली गेली. घोडा आणि स्वार एकरूप व्हावेत, अशा अर्थाचा 'जिन्बा इत्ताई' हा जपानी शब्दप्रयोग तिच्या रचनेमागील सूत्र होता. एप्रिल २०१६ मध्ये या मालिकेतील दहा लाखावी मोटार तयार झाली.

पहिल्या पिढीतील मोटारीचे इंजिन १५९७ सीसीचे, सुमारे ११६ अश्वशक्तीचे होते. १९९४ च्या मॉडेलपासून १.८ लिटरचे इंजिन आले. आकडे डोळे दिपवणारे नाहीत. पण मोटारीचे वजन एक टनाहूनही कमी होते आणि ते पुढच्या व मागच्या चाकांवर जवळजवळ समसमान विभागलेले होते. ट्रॅकवर वजन हा सर्वांत महाग घटक असतो. मोटार जितकी जड, तितके तिचे टायर आणि ब्रेक पॅड लवकर झिजतात. हलक्या मोटारीला यातून सूट मिळते आणि हौशी माणसाच्या खिशाला ते मानवते.

ट्रॅकसाठी जुनी मोटार विकत घेताना काही गोष्टी पाहाव्याच लागतात. दाराखालचा पत्रा गंजलेला नाही ना, हे आधी तपासतात. १९९० आणि १९९१ च्या काही इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड होते आणि तेथील पुली सैल होऊन ते कायमचे निकामी होत असे. त्यामुळे इंजिन सुरू असताना ती पुली डगमगते का, हे जाणकार ग्राहक प्रथम पाहतो.

नियमावलीचे बंधन

या छंदाला संस्थात्मक आधार आहे. 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' ही संस्था १९४४ मध्ये, तर 'नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन' १९९१ मध्ये स्थापन झाली. दुसरीचे आद्याक्षरी नाव 'नासा' असले तरी तिचा अंतराळाशी संबंध नाही. नवख्याला थेट शर्यतीत उतरता येत नाही. आधी प्रशिक्षण-सत्रे असतात. शेजारच्या आसनावर प्रशिक्षक बसतो, निरनिराळ्या रंगांच्या निशाणांचे अर्थ शिकवले जातात आणि पुढच्या चालकाने हाताने खूण केल्याखेरीज त्याला ओलांडता येत नाही. पुरेसा अनुभव गाठीशी आल्यावरच शर्यतीचा परवाना मिळतो.

'स्पेक मियाटा' हा शर्यतीचा वर्ग नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आकाराला आला. सर्वांना सारखी साधने, हे त्याचे तत्त्व. स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर आणि टायर नियमावलीत ठरवून दिलेले असतात. इंजिनात मनमानी फेरफार चालत नाही. चालकासह मोटारीचे किमान वजनही ठरलेले असते. नव्या, अधिक ताकदीच्या इंजिनांना जुन्यांच्या पातळीवर आणण्यासाठी हवा आत घेण्याच्या मार्गात अरुंद छिद्राची चकती बसवावी लागते. पैशाच्या बळावर जिंकण्याची वाट अशा रीतीने अरुंद केल्यावर निकाल बराचसा चालकाच्या कौशल्यावर ठरतो.

आधी जीव

खुल्या टपाच्या मोटारीचा सर्वांत मोठा धोका उघड आहे. ती उलटली तर चालकाच्या डोक्यावर काहीच नसते. म्हणून पहिला खर्च आसनांमागे बसवायच्या रोल बारचा, म्हणजे पोलादी नळीच्या मजबूत कमानीचा. तिची उंची पुरेशी आहे का, हे पाहण्याची साधी परीक्षा आहे. कमानीच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत एक सरळ काठी धरायची. हेल्मेट घालून बसलेल्या चालकाचे डोके त्या काठीच्या खाली राहिले पाहिजे. सर्वसाधारणपणे दोन इंचांचे अंतर अपेक्षित असते. मियाटाची बैठक लहान असल्याने उंच चालकांना आसनातील फोम कापून खाली बसावे लागते.

शर्यतीसाठी मात्र कमान पुरत नाही. चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पूर्ण पिंजरा लागतो. असा पिंजरा बसवलेली मोटार रस्त्यावर चालवणे धोक्याचे असते. हेल्मेट नसलेले डोके साध्या धक्क्यानेही नळीवर आपटू शकते. म्हणजे ट्रॅकवर जीव वाचवणारी वस्तू रस्त्यावर घातक ठरते. खांद्यांवरून आणि मांड्यांमधून येणाऱ्या पाच किंवा सहा पट्ट्यांचेही तसेच आहे. या पट्ट्या शरीर ताठ बांधून ठेवतात. मोटार उलटल्यावर साध्या पट्ट्यातील माणूस बाजूला कलू शकतो. या पट्ट्यांतील माणसाला ती मुभा नसते. त्यामुळे रोल बार, योग्य आसन आणि पट्टे ही साखळी एकत्रच बसवावी लागते.

या साधनांमागे माणसांचे मृत्यू आहेत. हौशी चालक विल्यम 'पीट' स्नेल १९५६ मध्ये शर्यतीतील अपघातात डोक्याला झालेल्या इजेमुळे मरण पावला. त्याच्या डोक्यावर त्या काळातील उत्तम समजले जाणारे हेल्मेट होते. त्याच्या स्मरणार्थ १९५७ मध्ये स्थापन झालेली स्नेल फाउंडेशन ही संस्था आजही हेल्मेटची कसोटी ठरवते. तिचे मोटारींसाठीचे 'एसए' मानक मोटारसायकलच्या 'एम' मानकाहून वेगळे आहे. त्यात आगीचा आणि रोल बारवर डोके आपटण्याचा विचार केलेला असतो.

मानेच्या आधाराची कथाही अशीच. १९८१ मध्ये चालक पॅट्रिक जाकमार्त यांचा कवटीच्या तळाचे हाड मोडून मृत्यू झाला. शरीर पट्ट्यांनी जागच्या जागी धरलेले आणि डोके मात्र पुढे झेपावलेले, अशा धक्क्यात ही इजा होते. त्यांचे मित्र जिम डाउनिंग हे माझदाच्या मोटारी पळवणारे शर्यतपटू होते. मिशिगन स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड हे डाउनिंग यांचे नातलग. या दोघांच्या प्रयत्नांतून 'हान्स' हे खांद्यावर बसणारे आणि हेल्मेटला पट्ट्यांनी जोडलेले साधन जन्माला आले. बराच काळ चालकांनी ते नाकारले. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट या विख्यात चालकाचा अशाच इजेने मृत्यू झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'नॅसकार' संस्थेने मानेचा आधार सक्तीचा केला.

ब्रेकची खरी परीक्षा

मोटार थांबते, याचा अर्थ तिच्या गतीचे उष्णतेत रूपांतर होते. चालकासह ११०० किलो वजनाची मोटार ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर आणताना सुमारे आठ लाख ज्यूल ऊर्जा निघते. २० अंश सेल्सिअसचे जवळजवळ अडीच लिटर पाणी उकळीला आणण्यास ती पुरेशी आहे. यातील थोडी हवेच्या रोधात जाते, बाकीचा भार मुख्यतः ब्रेकवर पडतो. एका फेरीत असे तीन-चार प्रसंग येतात आणि वीस मिनिटांच्या सत्रात दहाएक फेऱ्या होतात. शहरातील वाहतुकीत वर्षानुवर्षे निमूट काम करणारे ब्रेक येथे काही मिनिटांत हार मानतात.

हार मानण्याचे प्रकार दोन. पॅड फार तापले की त्यांची पकड सुटते. पायाखाली पेडल घट्ट लागते, पण मोटार थांबत नाही. दुसरा प्रकार अधिक भयंकर असतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. 'डॉट ४' दर्जाच्या ताज्या ऑइलसाठी तो किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, ते दाबले जातात आणि पेडल थेट तळाला जाते.

उपाय महागडे नाहीत. तीनशे अंशांपलीकडे टिकणारे शर्यतीचे ऑइल भरायचे आणि ते वारंवार बदलायचे, ट्रॅकसाठी बनवलेले पॅड लावायचे, चकत्यांपर्यंत थंड हवा नेणारी नळी बसवायची. ट्रॅकचे पॅड तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत, म्हणून थंड ब्रेकनिशी रस्त्यावर ते भरवशाचे नसतात. सत्र संपताना एक फेरी संथपणे मारून ब्रेक निववणे हा शिरस्ता आहे. तापलेल्या अवस्थेत हँडब्रेक ओढून ठेवला तर पॅडचा थर चकतीवर चिकटतो.

उष्णता आणि तेल

मियाटाच्या इंजिनाचे मूळ पुढच्या चाकांनी चालणाऱ्या मोटारींत आहे. तेथे ते आडवे बसवलेले असे. मियाटात ते उभे बसवताना गरम पाणी बाहेर पडण्याची वाट इंजिनाच्या पुढच्या टोकाला आणली गेली. परिणामी मागच्या सिलिंडरभोवती पाणी कमी खेळते आणि तो अधिक तापतो. रस्त्यावर हे जाणवत नाही, ट्रॅकवर जाणवते. म्हणून नियम परवानगी देतील तेथे पाण्याची वाट पुन्हा मागच्या बाजूने वळवतात. प्लास्टिकच्या टाक्यांचा जुना रेडिएटर काढून अॅल्युमिनियमचा जाड रेडिएटर लावतात. बंपरमधून आलेली हवा रेडिएटरमधूनच जावी, यासाठी आजूबाजूच्या फटी बुजवतात. हा स्वस्त उपाय पुष्कळदा महागड्या रेडिएटरइतकाच उपयोगी पडतो.

आणखी एक सूचना तेलदाबाच्या काट्याबद्दल. १९९५ पासूनच्या मॉडेलमध्ये हा काटा प्रत्यक्ष दाब दाखवत नाही. किमान दाब आहे की नाही, एवढेच सांगतो. तो मध्यावर स्थिर दिसला म्हणून निर्धास्त राहणे इंजिनाच्या जिवावर बेतू शकते. वेगळा, खरा काटा बसवणे श्रेयस्कर.

टायर आणि सस्पेन्शन

मोटार आणि ट्रॅक यांचा संबंध चार तळहातांएवढ्या रबरापुरता असतो. मूळ १४ इंची चाकांच्या जागी सहसा १५ इंची चाके आणि अधिक पकडीचे टायर येतात. टायर तापल्यावर आतली हवा फुगते, म्हणून दाब सत्र संपल्या संपल्या मोजून जुळवतात. मियाटाच्या चारही चाकांना दुहेरी विशबोन सस्पेन्शन असल्याने चाकांचा कल बोल्ट फिरवून बदलता येतो. वळणावर मोटार झुकते तेव्हा टायर पूर्ण टेकावा, यासाठी पुढची चाके वरच्या बाजूने आत झुकवतात. दोन ते तीन अंशांचा कल सर्रास दिसतो. त्यानंतर चालकाला आत बसवून चारही चाकांवरील वजन मोजतात आणि स्प्रिंगची उंची कमी-जास्त करून ते जुळवतात. अधिक पकडीच्या टायरांचा ताण पुढच्या चाकांच्या बेअरिंगवर येतो. ती झिजणारी वस्तू मानूनच तपासावी लागते.

इंजिन सर्वांत शेवटी

टर्बोचार्जर लावून या इंजिनाची ताकद दुप्पट करता येते. पण मग क्लच, पाच गिअरचा गिअरबॉक्स, डिफरन्शियल, रेडिएटर आणि ब्रेक या सर्वांची क्षमता ओळीने वाढवावी लागते, आणि मोटार ट्रॅकपेक्षा गॅरेजमध्येच अधिक काळ राहते. कमी ताकदीचा दुसरा लाभ शिक्षणाचा आहे. सरळ पट्ट्यात वेग भरून काढता येत नसल्याने वळणावरची चूक लपत नाही. ब्रेक कोठे लावायचा, वळण कोठून कापायचे, हे चालकाला शिकावेच लागते. त्याच पैशात प्रशिक्षणाची चार सत्रे आणि टायरचा एक संच घेणारा चालक बहुधा अधिक वेगवान ठरतो.

आपल्याकडे

भारतातही ही परंपरा अगदीच नवी नाही. मारुती ८०० चे इंजिन वापरणाऱ्या 'फॉर्म्युला मारुती' मोटारी कोईमतूरचे एस. करिवर्धन यांनी घडवल्या. तेथील करी मोटर स्पीडवेला त्यांचेच नाव आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे आणि ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किटवर ट्रॅक आहेत. कायदा मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीकृत वाहनातील बदलांवर मर्यादा घालते आणि उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यतीतील नुकसान सहसा धरलेले नसते, तेही वेगळे. म्हणून ट्रॅकसाठी बदललेली मोटार दुसऱ्या वाहनावर लादून न्यायची आणि रस्त्यासाठी दुसरी ठेवायची, हाच सुरक्षित मार्ग. ट्रॅकवर उतरण्याआधी चाकांचे नट, ब्रेक ऑइलची पातळी, पट्ट्यांचे बोल्ट आणि सैल पडलेली प्रत्येक वस्तू तपासली जाते. या तपासणीत नापास झालेली मोटार, तिचे इंजिन कितीही ताकदवान असो, फाटकाबाहेरच राहते.