मंडपेश्वरचे कॉलेज का टिकले नाही?

बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्याच्या डोक्यावर छप्पर उडालेल्या दगडी भिंती उभ्या आहेत. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियो दो पोर्तो यांनी नवख्रिस्ती मुलांसाठी काढलेल्या कॉलेजचे हे अवशेष. खालच्या शैव लेण्याचे त्यांनी चर्च केले. बाजूच्या कातळावरचे शिल्प तासून कोरलेला क्रूस आजही दिसतो. कॉलेजला पोर्तुगीज राजाचा आश्रय होता. १७३७-३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी, म्हणजे बोरिवली-वांद्र्याचा हा सारा टापू, पोर्तुगीजांकडून घेतली आणि कॉलेज मोडले. खापर युद्धावर फुटते, पण ते निम्मेच कारण आहे. आश्रयदाता गेल्यावर कॉलेजचा भार उचलणारे मागे कोणी उरले नव्हते.

हाच मुद्दा अमेरिकेत एकाच माणसाच्या दोन कॉलेजांतून पडताळता येतो. बिशप फिलँडर चेस यांनी इंग्लंडमध्ये लॉर्ड केनियन, लॉर्ड गॅम्बियर अशा उमरावांकडून देणग्या जमवून १८२४ मध्ये ओहायोत केनियन कॉलेज काढले. सगळी सूत्रे बिशपांच्याच हाती, यावरून प्राध्यापकांशी बिनसले आणि १८३१ मध्ये त्यांनी कॉलेजही सोडले, बिशपपदही. तरी केनियन चालू राहिले, कारण मागे विश्वस्त आणि धर्मप्रांत होता. पुढे इलिनॉयमध्ये त्यांनी ज्युबिली कॉलेज काढले, ते मात्र त्यांच्याच खटपटीवर चालले. १८५२ मध्ये ते वारले आणि पुढे यादवी युद्धाच्या धामधुमीत ज्युबिलीला टाळे लागले.

यावर कोणी म्हणेल, सत्ताच उलटल्यावर कोणती ख्रिस्ती संस्था तगली असती? उत्तर वांद्र्यात आहे. १५७५ चे सेंट अँड्र्यूज चर्च मराठ्यांच्या त्याच मोहिमेतून तरले, कारण ते चालवायला गावचे ख्रिस्ती लोक जागेवर होते. आता चर्चला एक पाद्री पुरतो, कॉलेजला शिक्षक, पुस्तके, विद्यार्थ्यांचे जेवणखाण लागते, तेव्हा ही तुलना अन्यायाची, असाही आक्षेप येईल. तो रास्त आहे, पण त्याने मुद्दा पक्काच होतो: संस्था जितकी खर्चिक, तितके तिला वाली जास्त हवेत. मंडपेश्वरला एकच होता, तोही लिस्बनला. शिक्षणसंस्थेचा इतिहास लिहिताना आपण संस्थापकाच्या तसबिरीपाशी थांबतो. खरे तर त्याच्या पश्चात खर्च कोणी उचलला, हे आधी विचारायला हवे.