ब्रिटनमधील घरगुती रेडिएटर : कारागिराकडून घरधन्याकडे

गरम पाणी किंवा वाफ आत खेळवून खोली उबदार ठेवणारे, भिंतीलगत बसवलेले धातूचे पोकळ उपकरण म्हणजे रेडिएटर. त्याचा इतिहास बहुधा शोधकर्त्यांच्या अंगाने सांगितला जातो. परंतु ते बसवण्याचे आणि बदलण्याचे काम प्रशिक्षित कारागिराकडून सामान्य गृहस्थाच्या हाती कसे आले, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये हे स्थित्यंतर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडले आणि त्यामागे गृहस्थाच्या हौसेइतकाच नळांचा घटलेला व्यास, जोडणीची सोपी झालेली रीत आणि कायद्याने आखलेली मर्यादा यांचा वाटा होता.

अँजियर मार्च पर्किन्स याने १८३१ मध्ये लंडनमध्ये उच्च दाबाच्या गरम पाण्याने इमारती तापवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, तर १८५० च्या दशकात सेंट पीटर्सबर्गमधील उद्योजक फ्रान्झ सान गाली याने तयार केलेले उपकरण आधुनिक रेडिएटरचा आरंभ मानले जाते. पुढे अमेरिकेत बिडाचे सुटे भाग ओतून ते एकमेकांना जोडण्याची पद्धत रूढ झाली आणि रेडिएटर कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होऊ लागले. ब्रिटनमध्ये मात्र ते दीर्घकाळ सार्वजनिक इमारती आणि श्रीमंतांचे वाडे यांपुरतेच राहिले, आणि सामान्य घर कोळशाच्या शेकोटीवरच विसंबून होते. जुन्या व्यवस्थेत पाणी पंपाशिवाय फिरत असे : बॉयलरमध्ये तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, थंड झालेले पाणी जड होऊन खाली परते. या मंद प्रवाहाला अडथळा होऊ नये म्हणून जाड लोखंडी नळ लागत, त्यांना उतार अचूक द्यावा लागे, टोकांना आटे पाडावे लागत आणि बिडाचा रेडिएटर उचलायलाच दोन-तीन माणसे लागत. असे काम घरच्या माणसाच्या आवाक्यातले नव्हते.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर दाटलेल्या विषारी धुरक्याने हजारो बळी घेतले आणि त्यातून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला. या कायद्याने धूरमुक्त क्षेत्रे जाहीर करण्याची तरतूद केली व शेकोट्यांमध्ये बदल करण्यासाठी अनुदानही देऊ केले. त्याच दशकात बारीक नळांची पद्धत पुढे आली. लहान विद्युत पंप पाणी ढकलू लागल्याने सुमारे अर्धा इंच व्यासाचा तांब्याचा नळ पुरेसा ठरला. तो हाताने वाकवता येई आणि फरशीच्या फळ्यांखालून सहज नेता येई. बिडाच्या जागी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे हलके रेडिएटर आले. उत्तर समुद्रात १९६५ मध्ये नैसर्गिक वायू सापडल्यावर इंधनाचा प्रश्नही सुलभ झाला. १९७० च्या दशकाच्या आरंभी सुमारे एक-तृतीयांश घरांत असलेली मध्यवर्ती तापव्यवस्था शतकअखेरीस बहुतेक घरांत पोहोचली.

याच काळात स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण वाढत होते. १९५५ मध्ये सुरू झालेले ‘प्रॅक्टिकल हाउसहोल्डर’ हे मासिक आणि बॅरी बकनेल यांचे बीबीसीवरील कार्यक्रम घरदुरुस्तीचे धडे देत होते, तर १९६९ मध्ये साउदॅम्प्टन येथे स्थापन झालेल्या ‘बी अँड क्यू’सारख्या दुकानांमुळे पूर्वी मुख्यतः व्यावसायिकांसाठी असलेले सुटे भाग कोणालाही विकत घेता येऊ लागले.

रेडिएटर बदलण्याची कृती पाहिली की हे काम का जमले ते कळते. रेडिएटरच्या दोन्ही टोकांना झडप असल्याने संपूर्ण घराचे पाणी न सोडता तेवढाच रेडिएटर वेगळा करता येतो. एक झडप रोजच्या वापराची असते. दुसरी, म्हणजे टोपणाखालची ‘लॉकशील्ड’, प्रत्येक खोलीला किती पाणी मिळावे हे ठरवते. म्हणून ती बंद करताना किती फेरे फिरवली ते मोजून ठेवायचे आणि नंतर तितकेच फेरे उघडायचे. नट सैल करताच लोखंडाच्या गंजाने काळे झालेले पाणी बाहेर येते, म्हणून खाली परात आणि जुनी फडकी ठेवावी लागतात. नव्या रेडिएटरच्या जोडभागांच्या आट्यांवर पातळ टेफ्लॉन टेप गुंडाळली जाते. नळाच्या जोडावर ‘ऑलिव्ह’ नावाचे पितळी किंवा तांब्याचे कडे असते, जे नट आवळताना नळावर घट्ट दाबले जाऊन पाणी अडवते. त्यामुळे डाख देण्याचे कौशल्य अनावश्यक ठरते. पाणी भरल्यावर वरच्या कोपऱ्यातील छिद्र चौकोनी किल्लीने उघडून अडकलेली हवा काढली की काम पुरे होते.

तथापि ही मुभा बॉयलरपाशी थांबली. १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत वायूचा स्फोट होऊन तिचा एक कोपरा कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. शेगडीच्या नळीला जोडणारा पितळी नट निकृष्ट असल्याचे चौकशीत आढळले. त्यानंतर १९७० मध्ये वायुजोडणी करणाऱ्यांची नोंदणी करणारी संस्था ‘कॉर्गी’ स्थापन झाली, १९९१ पासून व्यावसायिकांना नोंदणी सक्तीची झाली आणि २००९ मध्ये ‘गॅस सेफ’ नोंदवहीने तिची जागा घेतली. कामाची विभागणी अशा रीतीने अवघडपणापेक्षा चुकीच्या परिणामावर बेतली गेली : पाण्याचा नट सैल राहिला तर गालिचा खराब होतो, वायूचा नट निकामी झाला तर शेजाऱ्यांचेही प्राण जातात, म्हणून पहिला घरधन्याकडे राहिला आणि दुसरा नोंदणीकृत कारागिराकडे गेला.